मुक्कामाच्या गाडीचा मान

मला कामाला जायला आवडतं. कामापेक्षा जायला जास्त आवडतं, आणि त्याहूनही परत यायला. सकाळी घाईघाईने वेणी घालायची, डबा भरायचा, दार ओढून घेऊन बाहेर पडायचं, रोजच्या त्याच माणसांत जाऊन उभं राहायचं आणि संध्याकाळी त्याच माणसांबरोबर परतायचं, यात मला केवढं सुख आहे ते माझ्या नवऱ्याला आजतागायत कळलेलं नाही. तो म्हणतो, "तुला नोकरीची नाही, गर्दीची हौस आहे." असेल. हौस तर हौस.

लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही बदलापुरात काढली. मुंबईच्या नोकऱ्यांवर जगणारं ते शहर. उजाडायच्या आत निम्म्या बिल्डिंगी रिकाम्या व्हायच्या आणि दिवेलागणीनंतर पुन्हा भरायच्या. तिथल्या रेल्वेच्या गोष्टी मी सांगत बसणार नाही, त्या सांगणारे पुष्कळ आहेत. मला आठवते ती आमच्या बिल्डिंगीबाहेरची शेअर रिक्षाची रांग. तिच्यात उभ्या राहणाऱ्या आम्ही सहा-सात बायका. कोणाच्या मुलाला गणितात किती पडले, कोणाच्या नणंदेचं कुठे फिसकटलं, कोणाच्या साहेबाची बदली झाली, हे सगळं मला ठाऊक असायचं, आणि त्यातली एकही बाई कुठल्या मजल्यावर राहते ते ठाऊक नसायचं. तरी एक दिवस मी दिसले नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून माझी झाडाझडती घ्यायच्या. "काल कुठे होतीस?" असं विचारणारं कोणीतरी मला लागतंच.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. नवऱ्याला महाडच्या एमआयडीसीत चांगली नोकरी लागली, आणि गावी सासूबाई अंगणात घसरून पडल्या.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या अंगाला. घाटाचा रस्ता सोडून फाट्यावरून आत वळायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि चढ चढायचा. सासूबाई तिथे एकट्याच राहायच्या. सकाळी पडल्या त्या दुपारपर्यंत तशाच पडून होत्या. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण फोनवर मला म्हणाल्या, "काय नाय गो झालं, जरा आडवी झाले व्हते." दुपारपर्यंत अंगणात पडलेली बाई 'जरा आडवी झाले' म्हणते, हे ऐकून मला रडू आलं आणि रागही आला. आम्ही बदलापूर सोडलं.

महाडात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात मलाही काम मिळालं. फोन घ्यायचे, कुठला ट्रक कुठे अडकलाय ते लिहून ठेवायचं. काम छान, माणसं छान. प्रश्न होता तो जायचा-यायचा. गावात एसटी येतच नव्हती. फाट्यापर्यंत कोणाच्या तरी मोटारसायकलवर, तिथून मिळेल त्या जीपने पोलादपूर, तिथून महाड. परतीला तर पोलादपूरच्या स्टँडवर उमरठची गाडी सुटताना बघायची आणि उमरठवाल्यांचा हेवा करत उभं राहायचं. अंधार पडला की फाट्यावरून आत यायला वाहन नाही. नवऱ्याची पाळी बदलती, त्यामुळे त्याच्या गाडीचा माझ्या वेळेला उपयोग नाही. महिनाभरात आम्ही दोघंही थकलो आणि महाडात गांधारी नदीच्या बाजूला एक खोली बघून आलो. ती घेतली की आठवडाभर तिकडे, रविवारी गावी. म्हणजे सासूबाई पुन्हा एकट्या.

त्यांना विचारलं, चला आमच्याबरोबर. तर म्हणाल्या, "महाडात येऊन काय करू? भिंतीकडं बघू? तुमी जावा. मला काय धाड भरलीय?" आणि आत जाऊन परातीत भाकरी इतकी जोरात थापली की मला बाहेर ऐकू आली.

नेमकी त्याच सुमारास बातमी आली, की नवा पूल झालाय, डांबर पडलंय, तेव्हा महाडचं एसटी आगार आपल्या गावाला मुक्कामाची गाडी देऊन बघणार. मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी महाडहून निघून गावात येणारी, रात्रभर गावातच राहणारी आणि सकाळी तीच माणसं भरून परत जाणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपणार. अट एवढीच, की गाडी भरली पाहिजे आणि वेळेवर सुटली पाहिजे. थोडे दिवस बघू, नाही जमलं तर बंद.

मी तर नाचायचीच बाकी राहिले. गावातली कितीतरी माणसं रोज बाहेर जात होती, पण एकेकटी, आपापल्या फटफटीवर, तोंडाला रुमाल बांधून. एमआयडीसीतली पोरं, बँकेतला एक, पोलादपूरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली, हिरकणीवाडीला खानावळीत भाकऱ्या करणारी एक जाऊबाई, खालच्या मोहल्ल्यातले एक चाचा. हे चाचा दुबईला ट्रेलर चालवून परत आलेले आणि आता महाडात टायरचं दुकान टाकून बसलेले. एवढी माणसं आणि एकमेकांची तोंडं न बघता जाणारी! आता सगळी एका गाडीत बसणार. डोंगराच्या कुशीत आमचं उपनगर होणार, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "झाली हिची रांग सुरू."

महाडच्या खोलीच्या मालकाला आम्ही रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या वाल सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गाडी आली काय नि नाय आली काय, मला काय करायचंय? मी कुठं जाते?"

आता आमच्या गावाचं एक सांगायला हवं. खालचा मोहल्ला, मधली आळी आणि वरची वाडी असं आमचं गाव आहे, आणि प्रत्येकाचा मान ठरलेला आहे. होळीला पहिला नारळ वरच्या वाडीचा. पालखीचा पुढचा खांदा मधल्या आळीचा. पालखी मोहल्ल्याच्या तोंडाशी आली की सरबत द्यायचा मान मोहल्ल्याचा. यात कोणी इकडचं तिकडे करत नाही. केलंच, तर पुढची होळी येईपर्यंत त्याच्यावर बोलणी होतात. पण हे सगळे मान वाडवडिलांनी घालून दिलेले, आणि वाडवडिलांच्या काळात एसटी आलीच नव्हती. मग गाडीवाल्यांना पहिल्या दिवशी जेवू घालायचा मान कोणाचा?

यावर शाळेत बैठक झाली. मोहल्ला म्हणाला, गाडी गावात शिरताना पहिली आमच्या दारात येते. आळी म्हणाली, गाडी उभी राहणार शाळेच्या पटांगणात, आणि शाळा आमच्यात. आमची वरची वाडी म्हणाली, गावातलं पहिलं काहीही आमचंच असतं. आवाज चढले. चाचा म्हणाले, "मी दुबईत शेखच्या घरी जेवलोय, पण असली मारामारी नाय बघितली." शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "बघू." आणि बैठक उठली. आमच्याकडे 'बघू' याचा अर्थ ज्याने त्याने आपापलं बघायचं. तो मला त्या वेळी कळला नाही. मी शहरातून आलेली, मला वाटलं खरंच कोणीतरी बघणार आहे.

पहिली गाडी आली तो दिवस दिवाळीनंतरच्या थंडीतला. महाडच्या स्टँडवर गाडीच्या कपाळावर आमच्या गावाचं नाव बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हे नाव फक्त आधार कार्डावर आणि लग्नाच्या पत्रिकेत बघितलेलं. मी धावत जाऊन खिडकी पकडली, जशा काही दहा जणी माझ्या मागे होत्या. पोलादपूरला कॉलेजातल्या मुली चढल्या. फाट्यावरून गाडी आत वळली, आणि पुलावर चाकं चढली तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी तर पुढे जाऊन ड्रायव्हरची पाठ थोपटली.

मोहल्ल्याच्या तोंडाशीच गाडी अडवली गेली. हार, नारळ, ढोल-सनईचा खालुबाजा. ड्रायव्हर घाटावरचा, किडकिडीत, मिशीला कलप लावणारा, फार गोड माणूस. कंडक्टर लातूरकडचा, तरुण आणि हुशार. किती हुशार ते लवकरच कळलं. चाचा जेवायला बोलवायला लागले तसा तो हात जोडून म्हणाला, "माझा आज कडक उपास." त्याला केळी मिळाली आणि तो सुटला. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "चला, भूक तर लागलीच आहे."

चाचांच्या घरी मटण, तांदळाच्या भाकऱ्या आणि वरून खीर. तो तृप्त होऊन बाहेर पडतोय तर दारात मधल्या आळीची चार माणसं उभी. सरपंचबाईंकडे कोंबडी-वडे आणि वालाचं बिरडं तयार. तो म्हणाला, "पोट भरलं हो." त्यावर एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमच्या आळीत पाय नाय ठेवणार?" आता या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यायचं? तो जेवला. आणि तिथून त्याला आमच्या वाडीने उचललं.

आमच्या घरी काय चाललंय ते मला उशिराने समजलं, कारण मी पटांगणात कॉलेजातल्या मुलींशी गप्पा मारत थांबले होते. घरी येऊन, पाय धुऊन ओटीवर येते तर समोर पाटावर ड्रायव्हर बसलेला. आणि ज्यांना गाडीचं काही करायचं नव्हतं त्या आमच्या सासूबाई पदर खोचून चुलीपुढे. नाचणीची भाकरी, सुकटीचं कालवण, आणि घरच्या गायीचा खरवस. त्यांनी तो दोन दिवसांपासून राखून ठेवला होता, आम्हाला चव दाखवली नव्हती.

"आजी, खरंच जागा नाही पोटात," तो म्हणाला.

"जागा केली का व्हते," सासूबाई म्हणाल्या. "मोहल्ल्यात जेवलास, आळीत जेवलास, नि आमची वाडी काय वाटेवर पडलीय?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "आई, राहू दे, त्यांना सकाळी गाडी चालवायची आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. त्या त्याच्यासमोर बसल्या, वाढत राहिल्या, आणि वाढता वाढता म्हणाल्या, "आमची ही सून रोज तुझ्या गाडीतनं येणार हाय. नीट आण हां." तेव्हा मला कळलं की हा नुसता वाडीचा मान नव्हता. ड्रायव्हरने खरवसाची वाटी पुसून खाल्ली.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पटांगणात पोचले. गाडी उभी होती, काचांवर दव होतं. हळूहळू माणसं जमली. नवरा सकाळच्या पाळीचा, तोही गाडीनेच जाणार होता. डबे, पिशव्या, गळ्यात ओळखपत्रं, कॉलेजातल्या मुलींच्या पावडरचा वास. अगदी माझ्या रांगेसारखी रांग! मी प्रत्येकाला विचारत होते, तुम्ही कुठे उतरणार, तुम्ही कुठे उतरणार. ड्रायव्हर मात्र दिसेना. कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात तोंड पाडून उभा होता. त्याने शाळेच्या मागच्या संडासाकडे बोट केलं.

तेवढ्यात ड्रायव्हर आला. रात्रीचा तो माणूस ओळखू येईना. चेहरा पांढराफटक, मिशीचा कलप तेवढा काळा. पायरीवर टेकला, आम्हाला बघून कसंनुसं हसला, आणि पुन्हा टमरेल घेऊन धावला.

सगळं पटांगण गार पडलं. पहिलीच सकाळ, आणि वेळेवर सुटायची अट. मग जे व्हायला नको तेच सुरू झालं. मोहल्ल्यातून कोणी सुंठीचा काढा आणला. आळीतून ओवा-मीठ आलं. कोणी कोकमाचं पाणी, कोणी लिंबू. आणि काढा आधी का ओवा आधी, यावरून पुन्हा शब्दाला शब्द लागला. मी अशी कधी ओरडत नाही, पण त्या दिवशी ओरडले, "आता औषधाचाही मान काढताय काय? मारा त्या माणसाला!" क्षणभर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग चाचा हसले आणि त्यांनी हातातला काढा स्वतःच पिऊन टाकला.

चाचा म्हणाले, "मी चालवतो. चाळीस फुटी ट्रेलर चालवलाय." कंडक्टर घाबरून म्हणाला, "नाही हो, माझी नोकरी जाईल." तेही खरं होतं. मग वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही.

आणि तेव्हा मी एक गोष्ट बघितली. एमआयडीसीतली पोरं घड्याळाकडे बघत होती. त्यांच्या फटफट्या घरी उभ्या होत्या. पळत गेली असती, किक मारली असती, तर पाळी चुकली नसती. एक जण निघालाही. वळून चार पावलं गेला, मग थांबला, गाडीकडे बघितलं, आणि परत येऊन रांगेत उभा राहिला. "आपण गेलो तर गाडी रिकामी जाईल," तो म्हणाला, कोणाला असं नाही, सहज. त्यानंतर कोणीच हललं नाही. माझ्या नवऱ्याने फोरमनला फोन लावला, "उशीर होतोय, अर्ध्या दिवसाचा पगार कापा," आणि फोन खिशात टाकला. गर्दीच्या हौसेवरून मला चिडवणारा तो माणूस, त्या सकाळी गर्दीतला एक होऊन डबा छातीशी धरून उभा होता. मला त्याचं असं कौतुक वाटलं की मी त्याचा हात धरला, भर पटांगणात.

मग चढावरून सासूबाई उतरताना दिसल्या. पडल्यापासून त्या एवढ्या लांब चालत आल्या नव्हत्या. एका हातात काठी, एका हातात झाकलेलं पातेलं. आत मिठाची पातळ पेज. ड्रायव्हरच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि वाटीवाटीने त्याला पेज पाजू लागल्या. तो म्हणाला, "आजी, तुमचा दोष नाही." त्या म्हणाल्या, "पी रे. बोलू नको." मला त्यांच्याकडे बघवेना. आपल्याच हाताने आपण गाडी घालवली, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि गाडी गेली तर काय जाणार, ते आम्हा दोघींनाच नीट माहीत होतं.

पेज पोटात ठरली. थोड्या वेळाने तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "चला, बसा." आम्ही अक्षरशः आरोळी ठोकली.

गाडी खच्चून भरली होती. वाटेत दोनदा थांबावं लागलं. पेट्रोल पंपाशी थांबलो तेव्हा सगळ्यांनी न ठरवता तोंडं उलट बाजूच्या खिडक्यांकडे केली आणि सावित्रीचं पात्र इतकं निरखून बघितलं, जसं काही आजच नदी आली होती. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळी गाडी हसायला लागली, आणि ड्रायव्हर येऊन बसला तेव्हा तोही हसत होता. महाडच्या स्टँडवर आम्ही चांगलेच उशिरा पोचलो. तिथे एक साहेब उभेच होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मग दारातून उतरतच राहिलेली माणसं बघितली. ड्रायव्हरला बाजूला घेऊन गेले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

तो दिवस माझा फोनवर गेला. कोणता ट्रक कुठे अडकलाय ते मी विचारत होते, आणि डोक्यात एकच गाडी. संध्याकाळी लवकर निघून स्टँडवर आले. पोलादपूरच्या मुली सोडून सकाळची सगळी माणसं तिथे आधीच येऊन उभी. एक गाडी लागली, ती विन्हेऱ्याची. दुसरी लागली, तीही आमची नाही. चाचा तस्बीहचे मणी ओढत जप करत होते. माझा नवरा पाळी संपल्यावर घरी गेलाच नव्हता, थांबला होता.

आणि मग ती वळून आत आली. कपाळावर आमचं नाव. सीटवर तोच ड्रायव्हर, मिशी तशीच काळी, आणि बाजूला एक मोठा स्टीलचा डबा. खिडकीतून तो ओरडला, "आजपासून डबा घरचा! आधीच सांगून ठेवतो!" कंडक्टर म्हणाला, "आणि माझा आजही उपास." स्टँडवरचे बाकीचे प्रवासी आमच्याकडे बघत राहिले, कारण आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो.

गावात पोचलो तेव्हा खालुबाजा नव्हता, हार नव्हते. मोहल्ल्यात कोणी गाडी अडवली नाही. आपापल्या दारात उभं राहून सगळ्यांनी नुसते हात केले. पटांगणात गाडी लागली. शाळेच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे. मी उतरले, पण त्या माझ्याकडे आल्या नाहीत. काठी टेकत थेट ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या आणि खालूनच त्याला म्हणाल्या, "तू जेव नायतर नको जेवू रे बाबा. नुसता येत जा."

त्याने मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चढाकडे चालायला लागल्या. मी मागून निघाले तशा थांबल्या, वळल्या नाहीत.

"नि तू पण गो," म्हणाल्या. "येत जा रोज."